हबशांचा उंच देश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. पडद्यावर छायाचित्रे दाखविताना केलेले स्फुट उल्लेख गाळले आहेत.)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी आपल्यापुढे बोलण्याचा मान आम्हां पतिपत्नींना दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आमच्यापैकी एकाचा जन्म भूगोल शिकविण्यात गेला, दुसरीचा प्राणिशास्त्र शिकविण्यात. निवृत्तीनंतर २०१८ साली पाऊस संपता संपता आम्ही इथिओपियाला गेलो आणि पाच आठवडे तेथील डोंगरांतून हिंडलो. त्या प्रवासाचा वृत्तांत आज सांगावा, असे ठरले आहे. तथापि नुसती प्रवासातील गंमत सांगून आपला वेळ घेण्याचा आमचा मानस नाही. त्या देशाने आमच्या एका समजुतीला धक्का दिला. ती समजूत कोणती, ते ओघाने येईलच.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. ‘हबशी’ हा शब्द आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या निमित्ताने तो इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, आणि घरी तो बऱ्याचदा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अरबी लोक त्या देशाला ‘हबश’ म्हणत, त्यावरून तो शब्द आपल्याकडे आला. आज त्या उंच प्रदेशातील लोक स्वतःला ‘हबेशा’ म्हणवितात, आणि ते अभिमानाने. त्या लोकांपैकी एकाचे नाव प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास तिकडे जन्मला, असे सांगतात. पोरवयात तो गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला, आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. त्या शहराला त्याने नहरीने पाणी दिले, जमीन महसुलाची घडी बसविली, मोगलांना वर्षानुवर्षे दक्षिणेत शिरू दिले नाही. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याची नहर आपण पाहिली आहे, त्याची कबर पाहिली आहे. परंतु ज्या देशातून ते पोर उचलले गेले तो देश कसा आहे, हे आपण कधी विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते.

आफ्रिका म्हटले की वाळवंट नाही तर घनदाट अरण्य, अशी दोनच चित्रे मनात उभी राहतात. इथिओपिया यांपैकी कशातच बसत नाही. आफ्रिकेतील उंच जमिनीचा फार मोठा भाग या एका देशात एकवटला आहे. राजधानी आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. म्हणजे जवळजवळ एक हजार मीटरचा फरक. आम्ही उतरलो त्या रात्री शाल, स्वेटर आणि त्यावर तेथील ‘गाबी’ नावाची जाड सुती चादर, एवढे पांघरूनही थंडी वाजत होती. सर्वांत उंच शिखर रास देजेन सुमारे ४,५५० मीटर. याच देशाच्या ईशान्येस दानाकिलचा खळगा समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून अधिक खाली आहे, आणि तो पृथ्वीवरील अत्यंत उष्ण प्रदेशांपैकी एक समजला जातो. मधून महाखचदरी गेल्यामुळे पठाराचे दोन तुकडे झाले आहेत. लोक आपल्या देशाची विभागणी जिल्ह्यांपेक्षा उंचीने करतात: सखल आणि उष्ण ते ‘कोल्ला’, मधले ते ‘वोइना देगा’, वरचे थंड ते ‘देगा’, आणि त्याच्याही वर, जेथे पहाटे गवतावर हिम साठते, ते ‘वुर्च’. कोणते पीक घ्यावे, कोणती गुरे पाळावी, घराच्या भिंती किती जाड असाव्यात, हे सारे या चार शब्दांत ठरते.

उत्तरेच्या सिमियन पर्वतात कड्याच्या टोकाशी आम्ही प्रथम उभे राहिलो, तेव्हा भूगोलाच्या शिक्षकाला आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर नाही ना, असा भास झाला. तोच काळा दगड, त्याच एकावर एक रचलेल्या पायऱ्या. यात नवल नाही. आपले दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले, इथिओपियाचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या. दोन्ही ठिकाणी दगड बसाल्टच. फरक एवढाच की सह्याद्रीची उंची जेथे संपते त्याच्या कितीतरी वर सिमियन सुरू होतो.

आणि पायाखाली फुले! पावसाळा जूनमध्ये लागतो, सप्टेंबरात उघडतो, आणि उतारच्या उतार पिवळे होतात. त्या फुलाला ते ‘अदेय अबेबा’ म्हणतात. गणपतीनंतर आपल्या घाटमाथ्यावर सोनकी फुलते, तिच्याच कुळातले हे फूल. त्यांचे नववर्ष याच फुलांबरोबर, ११ सप्टेंबरच्या सुमारास, येते. त्यांचे वर्ष तेरा महिन्यांचे: बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांची कालगणना आपल्या व्यवहारातील सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे आहे. म्हणून २०१८ मध्ये निघालेले आम्ही २०११ मध्ये उतरलो, आणि सात वर्षांनी तरुण झालो, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. घड्याळही त्यांचे निराळे. सूर्य उगवला की दिवस मोजायला लागायचा, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या दिवशी ‘दोन वाजता या’ असे सांगणाऱ्या वाटाड्याची आम्ही दुपारी वाट पाहिली. तो सकाळी आठलाच येऊन गेला होता.

या देशात ऐंशीच्या वर भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी अम्हारिक ज्या लिपीत लिहितात, ती पाहून मात्र आम्हांला परके वाटले नाही. तीसहून अधिक मूळ अक्षरे आणि प्रत्येकाची स्वरानुसार सात रूपे: ल, लु, ली, ला, ले, ल्, लो. ही बाराखडीच झाली! गोंदर गावी एका पडवीत मुले हेलात ती म्हणत होती. आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गातली मुले जो सूर लावतात, अगदी तोच. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आम्ही भारतीय आहोत हे ओळखले. आपल्याला गणित शिकविणारे गुरुजी भारतीय होते, असे त्यांनी आदराने सांगितले. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत कितीतरी भारतीय शिक्षक, विशेषतः केरळचे, खेडोपाडी शिकवायला गेले होते. घर सोडून इतक्या दूर राहिलेल्या त्या शिक्षकांची पुण्याई आमच्या वाट्याला आली. कॉफीशिवाय त्या घरून उठता आले नाही.

ही कॉफी म्हणजे केवळ पेय नव्हे. कॉफीचे झाड मूळचे याच देशाच्या नैर्ऋत्येकडील रानांतले. घरची बाई जमिनीवर ताजे गवत पसरते, हिरवे दाणे आपल्यासमोर भाजते, कुटते आणि मातीच्या ‘जेबेना’त उकळते. पेले तीन: पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका म्हणजे आशीर्वादाचा. आशीर्वाद घेतल्यावाचून उठणे असभ्यपणाचे. जेवणात ‘इंजेरा’ असते. तेफ नावाचे, खसखशीएवढे बारीक धान्य दळून, दोन-तीन दिवस आंबवून केलेली ती मोठी थोरली आंबोळीच. एका ताटाभोवती सारे बसतात. यजमानीण आपल्या हाताने पाहुण्याच्या तोंडात घास भरविते, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्हांला पुन्हा कोणी घास भरविला, आणि नाव घेण्याचा आग्रह मात्र केला नाही.

आता प्राण्यांकडे वळतो. या उंच पठारांना सभोवार उष्ण सखल प्रदेशाने वेढलेले असल्यामुळे ती समुद्रातल्या बेटांसारखी आहेत. थंडीला सरावलेला प्राणी खाली उतरू शकत नाही. म्हणून येथे जे घडले ते येथेच राहिले. गेलाडा हे माकड जगात अन्यत्र कोठेही नाही. त्याचे मुख्य अन्न गवत. शेकड्यांनी एकत्र बसून ती बोटांनी गवत खुडतात आणि निंदणीला बसलेल्या बायकांप्रमाणे बसल्या बसल्या पुढे सरकतात. त्यांचा आपसांतला कलकलाटही तसाच अखंड चालू असतो. नराच्या खांद्यावर सिंहासारखी आयाळ, छातीवर केस नसलेला लालभडक डाग. संध्याकाळ झाली की सारा कळप कड्यावरून खाली उतरतो आणि बिबळ्याला पोहोचता येणार नाही अशा कपारींत झोपतो. त्याच कड्यांवर वालिया नावाचा रानबोकड आहे, मागे वळलेल्या भरदार शिंगांचा. त्याची संख्या अवघी काही शेकड्यांत आहे. वर आकाशात दाढीवाले गिधाड हाड उंच नेऊन खडकावर टाकते आणि फुटले की आतला मगज खाते.

दक्षिणेकडे बाले पर्वतात सुमारे ४,००० मीटरवर सानेत्तीचे पठार आहे. तेथे माणसाहून उंच लोबेलिया उभे असतात. वर्षानुवर्षे वाढून ते एकदाच फुलतात आणि मरतात. आपल्या कारवीचेच व्रत. त्या पठारावर, तीन पहाटा कुडकुडत काढल्यावर, आम्हांला इथिओपियाचा लांडगा दिसला. तांबूस अंग, पांढरा गळा, लांब निमुळते तोंड, कोल्ह्यासारखी सडपातळ काठी. स्थानिक लोक त्याला ‘लाल कोल्हा’ याच अर्थाचे नाव देतात. तो राहतो कुटुंबाने, परंतु उंदरांच्या शिकारीला निघतो एकटा. बिळाशी कान टवकारून तो इतका निश्चल उभा राहिला की आम्हीही श्वास रोखून धरला. २०२४ साली संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की हा मांसाहारी प्राणी तेथील लाल-पिवळ्या फुलांच्या तुऱ्यांतील मधही चाटतो, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाला पराग चिकटतात.

या लांडग्यांपैकी प्रौढ पाचशेहून कमी उरले आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या बाले पर्वतात. गुराख्यांबरोबर येणाऱ्या कुत्र्यांपासून त्यांना पिसाळरोग होतो. १९९१-९२ साली आणि त्यानंतरही अनेकदा या साथींनी कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाली. २०१८ पासून बकऱ्याच्या मांसाच्या तुकड्यांत लस दडवून ती त्यांना खाऊ घालण्यास प्रारंभ झाला आहे. परंतु रोगाहून मोठे संकट जमिनीचे आहे. काही ठिकाणी जवाची शेते साडेतीन हजार मीटरपर्यंत चढली आहेत, आणि हवाही उष्ण होत आहे. खालच्या प्राण्याला वर सरकता येते. जो शिखरावरच राहतो त्याने कोठे जावे?

आमची समजूत अशी होती की या देशाचे लेणे त्याच्या उंचीने राखले. लिपी, कालगणना, तेफ, लांडगा, सारे काही दुर्गम कड्यांमुळे सुरक्षित राहिले. १८९६ साली अदवा येथे सम्राट मेनेलिक यांनी इटलीच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हाही डोंगर पाठीशी होते. परंतु उंची कोणाला राखीत नाही, हे आम्हांला दोन ठिकाणी कळले.

पहिले ठिकाण सिमियन. उद्यानाच्या नियमाप्रमाणे आमच्याबरोबर बंदूक घेतलेला पहारेकरी होता. चढावर दम लागून आम्ही थांबलो की तो आमच्यापैकी एकाला ‘आयझोह’ आणि दुसरीला ‘आयझोश’ म्हणे. ‘धीर धर, मी आहे’ असा त्याचा भावार्थ. हा मनुष्य स्वतः उद्यानाच्या हद्दीतल्या गावचा. पिढ्यान् पिढ्या तेथे वशिंडाच्या बैलांवर लाकडी नांगर चालत होता, जव पिकत होता. २०१६ साली वन्यप्राण्यांसाठी ते गाव बाहेर हलविण्यात आले. २०१७ मध्ये सिमियनचे नाव धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीतून काढले गेले. २०१८ मध्ये आम्हांला त्याच्या जुन्या गावाच्या जागी गवत डोलताना दिसले. एका दगडी जोत्यापाशी थांबून तो म्हणाला, “हे माझ्या वडिलांचे घर. आता येथे वालिया चरतो. वालिया चांगला आहे. नव्या घराला पत्रा आहे, मुलगी शाळेत जाते. पण मला विचाराल, तर मी कोण? शेतकरी की पहारेकरी?” मग त्याने आम्हांलाच विचारले, “तुमच्या देशातही वाघ आहेत ना? मग तिथल्या माणसांचे काय केले?” मेळघाटातील कोरकूंची गावे अशीच वाघासाठी उठली, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही खरे तेच सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने चढ आला, आणि तो पुन्हा ‘आयझोह’ म्हणाला.

दुसरे ठिकाण मेन्झ प्रांतातील ग्वासा. साडेतीन हजार मीटरच्या आसपासचे हे कुरण शतकानुशतके गावकऱ्यांनीच राखले. ‘केरो’ नावाची त्यांची पद्धत होती. कुरण तीन-तीन, पाच-पाच वर्षे संपूर्ण बंद ठेवायचे. गुरे नाहीत, विळा नाही. गवत पुरेसे वाढले की जाणत्यांनी दिवस ठरवायचा आणि त्या दिवसापासून हक्कदारांनी कापणी करायची. याच गवताने घरे शाकारायची, दोर वळायचे, पावसात पांघरायला आपल्या इरल्यासारखे आच्छादन विणायचे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा. १९७४ च्या क्रांतीनंतर, १९७५ साली, जमीनसुधारणेत हे हक्क मोडीत निघाले. जमीन सर्वांची झाली, म्हणजे राखणदार कोणीच उरला नाही, आणि ग्वासाची हानी झाली. पुढे गावकऱ्यांनी समिती नेमून, नवे नियम घालून, ते कुरण पुन्हा राखायला घेतले. आज तेथे गेलाडांच्या कळपातून लांडगा निर्धास्त फिरतो. तो त्यांच्या पिल्लांना हात लावीत नाही, ती त्याला पाहून पळत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार कळपात मिसळून फिरणाऱ्या लांडग्याचे शंभरांतले सदुसष्ट प्रयत्न साधतात, एकट्याचे पंचवीसच.

उत्तरेच्या पठारावर जुने अरण्य जवळजवळ उरले नाही. मेनेलिक यांच्या काळात ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणून लावावी लागली, आणि एन्तोतोच्या डोंगरावरून पाठीवर तिच्या मोळ्या वाहणाऱ्या वाकलेल्या बाया आम्ही पाहिल्या. तरीही उघड्या शेतांच्या मधोमध हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्यात एक प्रार्थनामंदिर असते. देवाच्या घराला झाडांचे वस्त्र हवे, या भावनेने ते रान तोडले गेले नाही. आपल्या देवराया आणि त्या, यांत आम्हांला भेद दिसला नाही. लालिबेलाची अकरा प्रार्थनामंदिरे तर वेरुळच्या कैलासाप्रमाणे अखंड खडकातून कोरलेली, आणि त्यांतील संत जॉर्जचे क्रूसाकार मंदिर कैलासासारखेच वरून खाली खोदत नेलेले. बाराव्या-तेराव्या शतकातील ही लेणी आज ओसाड नाहीत. पांढरी उपरणी पांघरलेले भाविक पहाटे तेथे उभे असतात.

या देशाची दुसरी बाजू लपविणे योग्य नव्हे. १९७३-७४ आणि १९८४-८५ च्या दुष्काळांनी याच सुपीक पठारावर लक्षावधी माणसे नेली. २०२० ते २०२२ या काळात तिग्राईत भीषण युद्ध झाले. २०२१ मध्ये लालिबेलाही त्याच्या तडाख्यात सापडले, आणि २०२३ पासून अम्हारा प्रदेशात पुन्हा शस्त्रे निघाली. आम्ही ज्या वाटांनी गेलो त्या वाटांनी पुढे यात्रेकरू जाऊ शकेनात. आमच्या पहारेकऱ्याचे पुढे काय झाले, हे आम्हांला कळलेले नाही. नाईलचे इजिप्तला पोहोचणारे बहुतांश पाणी याच डोंगरांचे. त्यावरचे प्रचंड धरण सप्टेंबर २०२५ मध्ये कार्यान्वित झाले, आणि या पठाराच्या पाण्यावर केवढ्या जगाची नजर आहे, हे पुन्हा दिसून आले.

तेव्हा आमची समजूत कशी बदलली, ते सांगून संपवितो. कड्याने काहीच राखले नाही. जव कड्यावर चढला, कुत्रा चढला, बंदूकही चढली. जे टिकले ते कोणीतरी नियम घालून घेतला, तो पाळला, मोडला तेव्हा पुन्हा बसविला, म्हणून टिकले. आणि त्या नियमाची किंमत कोणी दिली, हेही विचारायला हवे, हे त्या जोत्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने आम्हांला शिकविले.

आपणही घरापासून दूर, परभाषेच्या मुलुखात, पन्नास वर्षे एक लहानसे कुरण राखले आहे. त्याचा गौरव करण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र रविवारी येथे मुले बाराखडी म्हणू लागली की गोंदरची ती पडवी आम्हांला आठवते. आणि पुढच्या वेळी कोणाच्या तोंडी ‘हबशी’ हा शब्द आला, तर त्यामागचा हा उंच, थंड, फुलांनी पिवळा झालेला देश आपल्याही डोळ्यांपुढे यावा, एवढीच आमची इच्छा आहे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांना आम्ही त्या डोंगरांच्याच शब्दाने शुभेच्छा देतो: आयझोह, आयझोश.